ऐन-काफ-लामची पेटी

१

अक्कल चोरीला गेली असं कुणी सांगितलं तर आपण हसून सोडून देऊ. त्या सोमवारी सकाळी शब्दकोशाच्या कार्यालयात नेमकं तेच झालं होतं, आणि हसायची कुणाची छाती नव्हती.

जुन्या अरबी भाषेचा एक मोठा कोश तिथे तयार होत होता. कित्येक वर्षं होत होता. विश्वस्त बदलले, पंखे बदलले, भिंतींचा रंग दोनदा बदलला, कोश मात्र आपल्या चालीनं चालला होता. अरबीत शब्द शोधायचा तर आधी त्याचा धातू शोधावा लागतो. धातू बहुतेक तीन अक्षरांचा, आणि त्याच्या पोटात एवढे अर्थ की नवखा माणूस आत शिरला तर संध्याकाळपर्यंत बाहेर यायचा नाही. इथे प्रत्येक धातूला एक लाकडी पेटी होती आणि पेटीत त्या धातूच्या अर्थांच्या चिठ्ठ्या. ऐन, काफ आणि लाम या तीन अक्षरांच्या धातूची पेटी जागेवर नव्हती. आपल्याकडे अक्कल आली ती याच धातूतून. चिठ्ठ्यांची दुसरी प्रत नव्हती, आणि तो खंड त्याच आठवड्यात छापखान्यात जायचा होता.

पेटीच्या जागी एक निळा ठोकळा उभा होता.

ठोकळ्याचं असं होतं. जो पेटी काढेल त्यानं आपल्या रंगाचा लाकडी ठोकळा त्या रिकाम्या जागेत ठेवायचा. म्हणजे पेटी कुणाकडे आहे हे नुसतं बघून कळतं, घसा कोरडा करावा लागत नाही. उपसंपादकांचा ठोकळा हिरवा. निळा मुंगीचा.

मुंगी म्हणजे चिठ्ठ्या लिहिणारी सहायक. सकाळी आली की खाली मान घालून एकेक चिठ्ठी वाहायची ती दिवे लागेपर्यंत, म्हणून हे नाव. तिनं आपला खण उघडला आणि आतला निळा ठोकळा सगळ्यांना दाखवला.

"माझा तर इथे आहे," ती म्हणाली. "हा दुसरा कुठून आला मला माहीत नाही."

"रंगाचा डबा कुठल्याही दुकानात मिळतो," मुख्य संपादक म्हणाले. "एकाचे दोन करायला कितीसा वेळ लागतो?"

मुंगीला अलिफपासून अरबी शिकवली ती यांनीच. म्हणून ते वाक्य तिला जास्त लागलं. पण सरांचं बोलणं संपलं नव्हतं.

"दुपारी विश्वस्त येतील. तोवर पेटी मिळाली नाही तर तू उद्यापासून येऊ नकोस. आणि का काढलं, ते मी प्रत्येक संस्थेला कळवीन."

एवढं बोलून ते आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी धाकट्या बहिणीला फोन लावला.

२

धाकटी बहीण म्हणजे विमाताई. सगळा जन्म तिनं विमा कंपनीत दावे तपासण्यात घालवला. जळालेली गोदामं, बुडालेल्या होड्या, चोरीला गेलेले आणि मग मेहुण्याच्या माळ्यावर सापडलेले दागिने. निवृत्त झाल्यावर तिनं घरच्यांना वात आणला होता. दुधाची पिशवी फुटली तरी ती आधी पिशवी तपासायची. अरबीचा तिला गंध नव्हता आणि त्याची खंतही नव्हती.

"दादा, आधी मला सांग, गेलं काय?" ती समोर बसत म्हणाली.

दादाला एवढंच हवं होतं. चहा आला. त्यात दोन चमचे साखर घालून ढवळता ढवळता त्यानं सुरुवात केली.

"अगं, साखर कधीपासून? तू तर सोडली होतीस."

"मी कधी सोडली?" दादा हसला. थट्टा करतोय असं समजून तीही हसली.

"हे बघ. उंटाचा पुढचा पाय गुडघ्यात दुमडायचा आणि दोरीनं बांधायचा. मग तो रात्री भटकत नाही. ती दोरी म्हणजे इकाल. हा माझ्या मते पहिला अर्थ. मनाला असं जे बांधून ठेवतं, ते अक्ल. माणूस डोंगरावर जाऊन स्वतःला बंद करून घेतो तो किल्ला, तोही याच धातूचा. कुणाचा खून झाला की भरपाईचे उंट त्याच्या घरच्यांच्या अंगणात नेऊन बांधायचे, म्हणून भरपाईलाही अक्लच म्हणायचे. जुलाब थांबवायचं औषध याच धातूचं. आणि बोलता बोलता एखाद्याची जीभ चालेनाशी झाली, तर ती बांधली गेली म्हणतात, तेही इथलंच."

"म्हणजे अक्कल आणि जुलाबाचं औषध भाऊभाऊ."

"चुलतभाऊ," दादा गंभीरपणे म्हणाला.

"आणि ही पेटी कुणाला काय कामाची?"

"दुसरे एक कोशवाले आहेत. त्यांनी मुंगीला बोलावलंय. लामच्या कपाटातली ही सगळ्यात भरलेली पेटी हातात घेऊन गेली की तिच्यासाठी पायघड्या घालतील." दादानं कप खाली ठेवला. "पोटच्या पोरीसारखं शिकवलं मी तिला."

त्याला वाईट वाटत होतं यात शंका नव्हती. खोटं दुःख ताईनं आयुष्यात पुष्कळ बघितलं होतं. हे खरं होतं.

ती उठून पेट्यांच्या दालनात गेली. ठोकळा अजून तसाच उभा होता. सकाळपासून येऊन जाऊन सगळ्यांनी तो बघितला होता. ताईनं तो उचलला, आणि तिचा हात जरा खाली गेला. चांगलाच जड होता. एका कडेला अंगठ्याएवढा खोलगट भाग झिजून गुळगुळीत झाला होता. मग तिनं मुंगीच्या खणातला ठोकळा दुसऱ्या हातात घेतला. तो हलका, पोकळ वाजणारा, कडा अजून टोकदार.

रंग दोन्हींचा एकच होता. पण जड ठोकळा काल-परवा कुणी बनवलेला नव्हता. तो मुंगीच्या जन्माआधीचाही असू शकत होता.

३

मुंगी खिडकीजवळच्या टेबलाशी रिकाम्या हातांनी बसली होती. तिला रिकाम्या हातांनी बसायची सवय नसावी, कारण हात सारखे काहीतरी शोधत होते.

"दुसरीकडून बोलावणं आलंय म्हणे," ताई म्हणाली.

"आलं होतं. नको म्हणून कळवलं."

"का? पगार कमी?"

"जास्त होता. पण हा खंड छापून येईपर्यंत सरांना सोडून जायचं नाही असं ठरवलं होतं." तिनं उगाच टेबलावरचं पेन सरळ केलं. "आता कुठेच घेणार नाहीत. सर चोर म्हणाले म्हटल्यावर बाकीच्यांना विचारायची गरजच काय? घरी आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी सरांची लाडकी आहे."

"पेटी नेहमी कुठे असते?"

"ऐनच्या कपाटात, जिथे ठोकळा होता तिथेच. धातूच्या पहिल्या अक्षराप्रमाणे पेट्या लावतो आम्ही."

"ही पद्धत पहिल्यापासूनची?"

"नाही. फार जुने कोशकार शेवटच्या अक्षराप्रमाणे लावायचे. कवींना यमकं सापडायला सोपं. इथेही सुरुवातीला तसंच होतं, असं सर सांगतात. मी काही बघितलेलं नाही." मुंगीनं डोळे पुसले. "ताई, मी पेटी घेतली नाही. मी घेतली असती तर माझाच ठोकळा ठेवून कशाला गेले असते?"

मुद्दा बिनतोड होता. चोर काही मागे आपली खूण ठेवत नाही. ठेवलीच तर दुसऱ्याची ठेवतो. मग मुंगीचा काटा कुणाला काढायचा होता?

दाराशी बसलेला पहारेकरी बोलायला उत्सुकच होता.

"काल सुट्टीच्या दिवशी कोणी आलं होतं?"

"परकं माणूस फिरकलं नाही, ताई. माझ्या डोळ्यांत तेल घातलेलं असतं." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "पण घरातलंच बघा जरा. खोडरबर रोज सगळ्यांच्या मागून निघतात. पिशवी येताना सपाट असते, जाताना फुगलेली. मी कुणाचं नाव घेत नाही."

नाव घेऊन झालं होतं. खोडरबर म्हणजे उपसंपादक. दुसऱ्यानं लिहिलेलं खोडण्यात त्यांची हयात गेली. आणि हे खोडरबर गेले वर्षभर मुख्य संपादकांशी भांडत होते, तेही याच धातूवरून. सर म्हणायचे, पहिला अर्थ उंटाच्या दोरीचा. खोडरबर म्हणायचे, वाचक अक्कल शोधायला येतो, त्याच्या हातात दोरी कशाला देता? भांडण रस्त्यापर्यंत ऐकू जायचं.

ताई त्यांच्या टेबलाशी गेली. ते काहीतरी खोडतच होते.

"पिशवी बघू जरा तुमची."

खोडरबरांनी पिशवीवर हात ठेवला, आणि मग काढून घेतला. ताईनं पिशवी उघडली. आत फाडलेल्या चिठ्ठ्यांचे तुकडे होते, गच्च भरलेले. अक्षर बघायला तिला चष्मा लावावा लागला नाही. शाळेत तिचे निबंध याच अक्षरात लिहिले जायचे. दादाचं काम कुणीतरी पद्धतशीर फाडून घरी नेत होतं.

४

"फाडलं मी," खोडरबर म्हणाले. "पण इथे नको. जिन्यात चला."

जिन्यात त्यांनी पायरीवर रुमाल पसरला आणि तुकडे जुळवले. एक चिठ्ठी झाली. दुसरी झाली. तिसरी झाली. तिन्हींवर एकच मजकूर होता: इकाल, उंटाचा पाय बांधायची दोरी. खाली तारीखही एकच.

"एका दिवसात तीनदा," खोडरबर म्हणाले. "लिहिलं हे आठवत नाही त्यांना. परत लिहितात. कधी एका धातूचा अर्थ दुसऱ्याच्या पेटीत जातो. वर्ष झालं. मी मागे थांबून नको त्या चिठ्ठ्या काढून घेतो. टोपलीत टाकल्या तर कुणीतरी बघेल."

"आणि भांडणं?"

"त्यांची चूक झाली की मी मोठ्यानं भांडायला लागतो. लोकांना वाटतं, दोन विद्वानांचा वाद चाललाय. मग मी माझंच खरं केलं असं होतं. सर चुकले असं होत नाही." त्यांनी चष्मा काढला. "दोरीबद्दल त्यांचंच बरोबर आहे. मला पहिल्यापासून माहीत आहे."

ताईनं एक तुकडा उचलून पुन्हा खाली ठेवला. साखर आठवली. मी कधी सोडली, म्हणून हसला होता तो. थट्टा नव्हती ती. इतकी वर्षं लोकांचं खोटं पकडून पोट भरलं, आणि सख्खा भाऊ समोर बसून हरवत होता ते आपल्याला दिसलं नाही. तिला स्वतःचाच राग आला.

"मग पेटी?"

"सरांनीच काढली असेल असं सकाळी मनात आलं. त्यांची खोली धुंडाळली. वहिनींना फोन करून घरचं कपाट बघायला लावलं. कुठेच नाही. म्हटलं, आपला अंदाज चुकला."

"आणि तिला चोर म्हणत होते तेव्हा?"

खोडरबर जिन्याच्या कठड्याकडे बघत राहिले. मघाशी दादानं सांगितलेला जिभेचा अर्थ ताईला आता न विचारता समजला.

"तुम्ही एका माणसाची अब्रू झाकायला दुसऱ्याची जाऊ दिलीत," ती म्हणाली. "ते चूक केलंत."

"हो."

ताई पायरीवर बसली. आता ती पुन्हा दावा तपासत होती, आणि त्यात तिला बरं वाटत होतं.

"चोर ठोकळा ठेवत नाही. तुमचा नियम ज्याच्या हाडात मुरलाय तोच ठेवतो. तो चोरी करत नव्हता, काम करत होता. काम झाल्यावर असा माणूस पेटी कुठे ठेवील?"

"जागेवर."

"हो, पण कुठल्या?" ती उठली. "लामचं कपाट कुठे आहे? दादा म्हणाला, लामच्या कपाटातली पेटी. मुंगी म्हणाली, ऐनच्या. मला वाटलं एकाच कपाटाची दोन नावं असतील."

खोडरबरांनी जिना चढायला सुरुवातही केली होती. "ऐन पहिलं अक्षर, लाम शेवटचं," ते वरून म्हणाले. "मी आलो त्याच्याही आधीची पद्धत ती. जुनी कपाटं मागच्या खोलीत पडलीत."

ताईनं दारातून जाता जाता पहारेकऱ्याला एकच विचारलं. "काल परकं कोणी आलं नाही. आपलं?"

"सर आले होते. आज सुट्टी आहे म्हटलं, तर हसले." त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. "त्यांना थोडंच परकं म्हणायचं?"

५

मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या आणि जुने पंखे होते. त्यांच्यामागे भिंतीला लागून कपाटं उभी होती. प्रत्येकाच्या माथ्यावर एकेक अक्षर कोरलेलं. बाकीच्यांवर धुळीचा थर होता. लामच्या दाराची मूठ मात्र स्वच्छ होती.

वाटेत ताईनं सोबत घेतलेल्या मुंगीनं दार उघडलं. सगळे कप्पे रिकामे होते. मधल्या एका कप्प्यात एकटी पेटी होती, बरोबर मध्ये नीट सरळ ठेवलेली, जणू तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पेट्या अजून तिथेच होत्या. मुंगीनं झाकण उघडून चिठ्ठ्यांवरून बोट फिरवलं.

"सगळ्या आहेत," ती म्हणाली, आणि पेटीवर डोकं टेकून रडली. सकाळपासून पहिल्यांदाच मोकळेपणी.

"पेटी मी हलवली असं सांगतो विश्वस्तांना," खोडरबर म्हणाले. "जागा बघत होतो, विसरलो, काहीही."

"पुरे झालं खोडणं," ताई म्हणाली. "पण सांगायचं कसं ते हिला ठरवू दे. आळ हिच्यावर आलाय."

मुंगीनं नाक पुसलं. पेटीचं झाकण नीट लावलं.

"सरांना आधी सांगा," ती म्हणाली. "विश्वस्तांच्या आधी. त्यांना सगळ्यांसमोर कळायला नको."

दादा टेबलाशी वाचत होता. ताईनं काही न बोलता जड ठोकळा त्याच्या हातात दिला. त्याचा अंगठा आपोआप त्या झिजलेल्या खोलगट जागेत जाऊन बसला. बरोबर बसला.

"माझा आहे हा," तो म्हणाला. "मी सहायक होतो तेव्हाचा, तेव्हा निळा माझा होता. माझ्या जुन्या खणात असतो. तुला कुठे मिळाला?"

"ऐनच्या कपाटात, दादा. पेटीच्या जागी. आणि पेटी मिळाली लामच्या कपाटात, मागच्या खोलीत."

दादाला दोनदा सांगावं लागलं नाही. जन्मभर शब्दांची मुळं शोधलेला माणूस होता तो. त्यानं ताईकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या खोडरबरांकडे, आणि त्यांच्या तोंडावरून उरलेलंही त्याला कळलं.

"म्हणजे दोरी सुटली," तो शेवटी म्हणाला. "किती दिवस?"

"वर्षभर, सर," खोडरबर म्हणाले.

"म्हणून भांडत होतात होय. मला वाटायचं, तुम्हाला अरबी येत नाही."

खोडरबर हसले, आणि मग त्यांना हसणं आवरेना, आणि मग ते हसणं राहिलं नाही. दादानं मुंगीला हाक मारली. ती दारामागेच होती.

"मी तुला चोर म्हणालो."

"हो, सर."

"उद्या मी हे विसरलो तर मला आठवण कर. परवा विसरलो तर परत कर. बाकी काय जायचं ते जाऊ दे. हे विसरायची मला मुभा नाही."

दुपारी विश्वस्त आले. दादा स्वतः उभा राहिला. पेटी मी हलवली, आळ मी घेतला, मुलीचा काही दोष नाही, आणि माझी स्मरणशक्ती जात चालली आहे, असं त्यानं एका दमात सांगितलं. पुढचं वाक्य मात्र त्याला सापडेना. तेव्हा खोडरबर उठले आणि न भांडता म्हणाले, "सरांना असं म्हणायचंय की पहिला अर्थ दोरीचा राहील. खंड वेळेवर जाईल. मी बघतो, आणि सर सोबत असतील." विश्वस्तांपैकी एकानं डॉक्टरचं नाव सुचवलं, दुसऱ्यानं खिडकीबाहेर बघितलं. मुंगीची माफी सगळ्यांनी मागितली, जरा घाईघाईनं.

सगळे गेल्यावर दादानं आपली खुर्ची स्वतः उचलली. ताई मदतीला धावली तर तिला बाजूला सारलं. खुर्ची ओढत ओढत दालनातून नेली आणि मुंगीच्या टेबलाशेजारी ठेवून तो धापा टाकत तिच्यावर बसला.

"भरपाई ज्याचं नुकसान झालं त्याच्या अंगणात नेऊन बांधायची असते," तो म्हणाला. "आता मी इथे बसतो. पेटी लागली तर तू उठून आणायची, मी नाही."

मुंगी उठली. पेटी ऐनच्या कपाटात ठेवून आली आणि जड निळा ठोकळा त्याच्यासमोर टेबलावर ठेवला.

"हा मला कशाला?" दादानं विचारलं. "मी आता पेट्या काढणार नाही."

"असू दे, सर. तुम्ही कधी इथे नसलात ना, की आम्ही तो तुमच्या खुर्चीवर ठेवू." तिनं ठोकळा त्याच्याकडे सरकवला. "म्हणजे जागा रिकामी आहे असं कुणाला वाटणार नाही."

दादानं ठोकळा हातात घेतला, अंगठा त्या खोलगट जागेत ठेवला, आणि तिनं पुढे केलेली कोरी चिठ्ठी बघून विचारलं, "हं, कुठला धातू चाललाय?"

तिनं सांगितला. थोड्या वेळानं त्यानं परत विचारला, आणि तिनं परत सांगितला.